के रांग, खुर्ची चौदा

१ मार्च, शनिवार. सायंकाळी ६
हरलो. ०-२. त्याचं काही नाही, सवय आहे. डोकं फिरलंय ते वेगळ्याच कारणानं. क्लबच्या दुकानात आज अर्धा आपला निळा आणि अर्धा पाहुण्या टीमचा पिवळा असा एकच मफलर विकायला ठेवला होता. आणि माणसं घेत होती. एका गळ्यात दोन टीम! ही अक्कल नव्या मालकाची, त्या फॅनशॉची. लंडनहून आला, आमचा कॅल्डरविक टाऊन फुटबॉल क्लब विकत घेतला आणि दीड वर्षात त्याची अब्रू वेशीवर टांगली.
एकतीस वर्षं मी पूर्व स्टँडमध्ये के रांगेत चौदा नंबरच्या खुर्चीवर बसतोय. त्या स्टँडची नस मला कळते. मी ओरडलो की स्टँड ओरडतो.
संकल्प: मेअखेर फॅनशॉ बाहेर.

४ मार्च, मंगळवार
पबमध्ये सभा. हजर: मी, शेजारच्या पंधरा नंबरचा डग, मागच्या रांगेतले तिघं. एकमत. येत्या पंधरा तारखेला साठाव्या मिनिटाला अख्खा पूर्व स्टँड उठून बाहेर चालू पडणार. मालक वर काचेच्या खोलीत बसून रिकाम्या खुर्च्या बघेल. डग म्हणाला, तू पुढे हो, आम्ही मागे आहोतच. सख्खा भाऊसुद्धा असं बोलणार नाही.
घरी येऊन बायकोला, लॉरेनला सांगितलं. तिनं विचारलं, तेव्हा तुम्ही जिंकत असलात तर? शांतपणे समजावलं की यातलं तुला कळायचं नाही, एकतीस वर्षांत तू एकदाही मैदानावर आलेली नाहीस. तर म्हणते, तू एकदाही नेलं नाहीस. मुद्दा सोडून बोलायची हिची जुनी खोड आहे.

१५ मार्च, शनिवार. सायंकाळी ७
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. साठावं मिनिट. स्कोअर १-१. मी उभा राहिलो, दोन्ही हात वर केले, "चला" म्हणालो आणि जिन्याकडे निघालो. मागे वळून पाहिलं नाही. पुढारी मागे बघत नसतो. फाटकाबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच स्टँडमधून असा आवाज उठला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, उठले सगळे.
गोल होता. आपला. कॉर्नरवरून.
बाहेर मी एकटा. फाटकावरची बाई म्हणाली, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. मी सांगितलं, मी निषेध करतोय. ती म्हणाली, करा ना, पण जरा त्या बाजूला करा, इथं अँब्युलन्स लागते.
उरलेला अर्धा तास भिंतीला कान लावून ऐकला. २-१ जिंकलो. घरच्या मैदानावर नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. तळपायाची आग मस्तकात गेलीये.

१६ मार्च, रविवार
डगला फोन करून झाडला. तो उलट मलाच म्हणतो, "अरे क्लाइव्ह, कॉर्नर मिळालेला असताना कोणी जागचं हलतं का? मी तुझा कोट धरून खाली ओढत होतो." मला वाटलं होतं, पाठ थोपटतोय.
निष्कर्ष: योजना उत्तम होती. रेफ्रीनं घात केला.

५ एप्रिल, शनिवार
आज घोषणा. फॅनशॉविरुद्ध चार ओळी, यमक जुळवून, आठवडाभर बाथरूममध्ये तयारी केली होती. अकराव्या मिनिटाला सुरुवात केली. पहिली ओळ मी म्हटली. दुसरीही मीच. तिसरीला मात्र अख्ख्या स्टँडनं साथ दिली, फक्त शब्द त्यांचे होते: "खाली बस, तोंड मीट." तीन हजार माणसं एका सुरात.
चाल माझीच होती, हे इथं नोंदवून ठेवतो.

२९ एप्रिल, मंगळवार
शेवटचं अस्त्र. पुढच्या मोसमाचं तिकीट कोणीच घ्यायचं नाही. मुदत ९ मे. अख्खी के रांग रिकामी पडली की फॅनशॉ गुडघ्यावर येईल. पबमध्ये सगळ्यांनी हात मिळवले. डगनं तर दोनदा.

९ मे, शुक्रवार. ५ वाजून ५ मिनिटं
मुदत संपली. क्लबची तीन पत्रं फाडली, चौथं जाळलं. छातीत धडधडतंय. अभिमानानं असणार.

१७ मे, शनिवार
डग रंगाच्या दुकानात दिसला. मला बघून डब्यांमागे लपत होता. बाहेर काढला. सगळ्यांनी तिकिटं घेतलीत. सगळ्यांनी. एप्रिलमध्येच. मी विचारलं, म्हणजे हात मिळवलास तेव्हा? म्हणाला, खिशातच होतं.
हरामखोर. एकतीस हिवाळे माझ्या थर्मासमधला चहा ढोसला यानं.

५ जून, गुरुवार
क्लबचा लखोटा आला. नाव लॉरेनचं. आत कार्ड: के रांग, खुर्ची चौदा. मुदत संपल्यावर आठवडाभर घरच्या माणसांना पहिला हक्क असतो म्हणे. हिनं गुपचूप जाऊन घेतलं. वर म्हणते, "खुर्ची घरातच राहावी म्हणून घेतली रे. एक शब्द बोल, तुझ्या नावावर करते."
मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. ती म्हणाली, बरं, मग मीच जाते.
जाऊ दे. दोन मॅचमध्ये कंटाळेल आणि माझ्या हातापाया पडेल.

९ ऑगस्ट, शनिवार
घसा बसवून घरी आली. ३-१. डगनं तिला स्वतःचा चहा दिला म्हणे. डगनं! ऑफसाइड कशाला म्हणतात ते मलाच समजावत होती. मी सहज विचारलं, माझी कोणी चौकशी केली का? ती जरा थांबली आणि म्हणाली, हो, केली की. थांबली ती गहिवरून आलं म्हणून.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ३
बोललो शेवटी तो एक शब्द. ती दारात निळा मफलर गुंडाळत होती. म्हणालो, "लॉरेन, खुर्ची दे ना परत."
ती म्हणाली, "आता नाही रे, क्लाइव्ह. आता ती माझी आहे." रागानं नाही म्हणाली. बटाटे साडेचारला ओव्हनमध्ये टाक असं सांगून गेली.
मला राग यायला हवा होता. वाट पाहिली, आला नाही.
मैदानाचा आवाज वाऱ्याबरोबर इथपर्यंत येतो. थांबला की घरात काहीच ऐकू येत नाही. शनिवारी दुपारी हे घर असं असतं, हे मला माहीतच नव्हतं. ती एकतीस वर्षं इथं बसून होती.