जयसिंगपूरच्या बोराचा डोळा

१४ जुलै १९७४
टप्… टप्टप्. पत्र्यावर बोरं पडायची, तो आवाज. जयसिंगपूरच्या घरी पहाटे वारा सुटला की आई आतून हाक मारायची, "उठा रे, पावणं आलं!" मी आणि धाकटा दिनू अंथरुणातून तसेच पळायचो. साठी उलटली, कान अजून तिथंच.
ते झाड दिनू परवा पाडणार. पिठाच्या गिरणीला जागा पाहिजे म्हणे. भांडभांड भांडलो. ऐकेल तर शपथ. शेवटी चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.नं परत.
आज दस्तगीर माळी आला. परसात गावठी बोरीचं रोप आहे, अंगठ्याएवढं जाड. त्याची साल उचलून जयसिंगपूरच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, आत बसवला, वर पट्टी. रोप एक म्हणून डोळाही एकच. जाताना बजावलं, "आप्पा, पट्टीखाली फुटंल ते खुडायचं. माया करायची न्हाय."

५ ऑगस्ट
डोळा फुगलाय! हिरवा ठिपका. पण पट्टीखालूनही दोन फुटी आल्यात, आणि काय जोमानं. खुडायला गेलो. चिमुकली पानं, खालून पांढरी लव… शाळेत पालवीची एक कविता चालीवर म्हणायचो आम्ही. ती सगळी म्हणून झाली आणि खुडायचं राहूनच गेलं. उद्या.

२७ सप्टें.
उद्या उद्या करत फुटी कमरेला लागल्या. वरचा डोळा वीतभरच, मलूल. दस्तगीर बघायला येतो म्हणत होता. येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. का धाडला…

२० डिसें. १९७६
झाड आता कुंपणाबाहेर गेलंय. आज पहिली बोरं. नात छबी ओच्यात घेऊन पळत आली, एक तोंडात टाकलं आणि थूः! "शी आप्पा, घसा धरला!"
मीही खाल्लं. आंबट, तुरट, सगळी बीच.
सूनबाई मालती दोरीवरचे कपडे काढत होती. "माझ्या तीन साड्या फाडल्या ह्या झाडानं. आणि दिलं काय, तर हे!"
आई मीठ लावून बरणीत ठेवायची त्या बोराची चव धरून बसलो होतो अडीच वर्षं.

२२ डिसें.
शेवटी दस्तगीरला बोलावलं. बुंध्याशी उकिडवा बसला, पाला बाजूला केला. वाळका खुंट, बोटाएवढा.
"ह्यो बघा तुमचा जयसिंगपूरवाला. कवाच गेलाय. खालच्यांनी सगळं पाणी प्यालं की. मी काय बोललेलो?"
"हात होईना रे."
"कविता म्हनत बसला असनार."
बरोबर ओळखलं लेकानं.
म्हणतो, मूळ घट्ट आहे. उन्हाळ्यात बुडाशी तोडू, नवी फूट येईल, पावसाळ्यात पुन्हा डोळा भरू. "डोळं तेवढं आना."
कुठून आणू? त्या झाडाचं जे काही उरलं होतं ते माझ्या परसात होतं. दिनूनं कुऱ्हाडीनं तोडलं म्हणून अडीच वर्षं त्याच्याशी बोललो नाही. आणि मी?

१० जुलै १९७७
तोडलेल्या बुडातून सात धुमारे. सहा खुडले. स्वतःच्या हातानं, तोंड मिटून. एक ठेवलाय.
दस्तगीर म्हणतो बाजारी डोळा बसवू, "लिंबाएवढी बोरं आप्पा, गोडमिट्टाक!" नको. "मग असंच ठेवनार?" माहीत नाही. चिडलो त्याच्यावर उगाच. सकाळपासून कशात लक्ष नाही, वहीतल्या जुन्या कवितासुद्धा नकोशा.

१७ जुलै
दुपारी कडी वाजली. मालती जागची हलेना. "तुम्हीच बघा की, आप्पा."
दारात दिनू. केस सगळे पांढरे, अंगावर पाऊस, काखेत ओलं गोणपाट.
"दादा, गिरणीच्या भिंतीबुडातनं फुटतंय ते. तीनदा छाटलं, परत येतंय. मालतीचं कार्ड आलं, म्हणून…"
गोणपाट उघडलं. सहा काड्या. डोळे टच्च भरलेले.
पण बुडातून फुटलेलं हे! वडिलांनी, आबांनी, ते झाड बी लावून वाढवलं होतं, की त्यावरही कुणी डोळा भरला होता? भरला असेल तर हे डोळ्याखालचंच, गावठी. पुन्हा आंबट.
विचारलं. दिनू म्हणाला, "मला काय ठाऊक? मी तुझ्यामागनं झालो." मी जन्मलो तेव्हाही ते झाड उभंच होतं. विचारायला वर आता कुणी नाही.
"लावल्याबिगर कळायचं न्हाय," तो म्हणाला.
"दोन वर्षं तरी जातील."
उंबऱ्याबाहेरच उभा होता, चपला हातात. आत ये म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.
"तवर मी येत जाऊ का, दादा?"