चौदा नंबरचा पत्ता

२ ऑगस्ट
आलो एकदाचे! शहराच्या धुरातून सुटलो बाई. इथले रस्ते कसे धुतल्यासारखे, आणि बंगल्यांपुढची हिरवळ अशी कापलेली की पाय ठेवायला धीर होत नाही. आमच्या आपल्या दोनच खोल्या, या श्रीमंत वस्तीच्या अगदी शेपटाला. पण आलोय ते भिंगरीच्या शाळेसाठी. सात वर्षांची आमची लेक, एका जागी बसेल तर शपथ!

५ ऑगस्ट
घ्या! ती नावाजलेली शाळा म्हणे फक्त गल्लीपलीकडची मुलं घेते. आम्ही अलीकडे. घर दाखवणारा दलाल हसला. म्हणाला, गल्लीपलीकडचा समोरचा चौदा नंबरचा बंगला कित्येक वर्षं बंद आहे, तोच पत्ता टाका, सगळे असंच करतात. नवरा कां-कूं करत होता. मीच फॉर्म भरला. ‘मुलगी या पत्त्यावर आईजवळ राहते’ याखाली सही ठोकून दिली. मन जरा खातंय, पण लेकीसाठी एवढंही करू नये का?

१२ ऑगस्ट
नवरा महिनाभर दौऱ्यावर गेला. शाळेची बस चौदा नंबरच्या फाटकाशी थांबते, मी रोज दुपारी गल्ली ओलांडून भिंगरीला आणते. आज दोन मिनिटं उशीर झाला, तर बाईसाहेब फाटकाच्या आत! म्हणे, आतल्या आईने बोलावलं. चांगली झापली. मी विणलेला निळा स्वेटरही आतच विसरून आली. त्याची एक बाही बोटभर लांब झालीय, म्हणून रोज माझी टिंगल करते.
फाटकाला गंजलेलं कुलूप आहे. ही आत गेली कशी?

२० ऑगस्ट
वर्गशिक्षिकेने वहीत लिहिलंय, आई रोज अभ्यास बघून सही करतात, छान वाटतं. मी एकही सही केलेली नाही. अक्षर मात्र माझंच.
भिंगरी जेवत नाही. पोट भरलंय म्हणते.

२६ ऑगस्ट
शाळेत जाऊन खरं सांगून टाकलं. पत्ता खोटा, नाव काढा. कारकूनबाईने मला खालून वर न्याहाळलं. म्हणाली, त्या मुलीची आई तर आत्ताच तिला घेऊन गेली, तुम्ही कोण?
धावत आले. फाटकाला कुलूप तसंच. वरच्या खिडकीत भिंगरी. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तिने पडदा ओढून घेतला.

२७ ऑगस्ट
पोलिसांत गेले. त्यांना शाळेने माझाच फॉर्म दाखवला: मुलगी चौदा नंबरला आईजवळ राहते. नवऱ्याला फोन केला. म्हणाला, असं काय करतेस, सकाळीच तर बोललीस, भिंगरी मजेत आहे म्हणालीस.
मी नाही बोलले. देवा, मी नाही—

२८ ऑगस्ट
दुपार. बेल वाजली. भिंगरी! वेणी माझ्यापेक्षा नीट घातलेली. हातात स्वेटर, धुऊन घडी केलेला. म्हणाली, काकू, हा तुमचा आमच्याकडे राहिला होता, आईने दिलाय.
बाह्या सारख्या. उसवून पुन्हा विणलेल्या.
तिचा हात धरलाय. एका हाताने लिहितेय, कुणीतरी वाचावं म्हणून. सोडणार नाही. फॉर्म मी भरला, चूक माझी, पण पोर माझी आहे. ती रडत नाही. नुसती दाराकडे बघतेय.
समोरचं फाटक उघडलं. कुणीतरी गल्ली ओलांडतंय— माझीच साडी, माझीच चाल— मी रोज जशी तिला आणायला—