बोगद्यात गेलेली मालगाडी

रविवार, २ नोव्हेंबर
नाचणगावहून सासरे आले होते. वासुदेवराव, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. मागच्या खोलीत फळीवर मांडलेल्या माझ्या छोट्या रेल्वेपुढे दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, की जवाईबापू, पोळ्यालेबी हेच पाच डबे फिरून राह्यलते. बायकोने, उज्वलाने, लगेच संधी साधली. तिला ती खोली शिवणक्लासला हवी आहे. ठरलं असं: तीन आठवड्यांनी सासरे परत येतील. तेव्हाही गाडी शिळी वाटली, तर फळी उतरवायची.
घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
संकल्प. डबे एकूण नऊ. पाच रुळावर, चार बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत आरामाला. रोज अदलाबदल. कधी टँकर पुढे, कधी बंद डबे. मोबाइलवर गुणाकार केला: पंधरा हजार एकशेवीस वेगवेगळ्या गाड्या होतात. रोज एक म्हटली तरी एक्केचाळीस वर्षं. सासरे बाहत्तरचे आहेत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
उज्वलाला गाडी दाखवली. म्हणाली, डबे तेच, रांग तेवढी बदलली, अन् सगळे रिकामेच चालले. बाईला निरीक्षण नाही. तरी मुद्दा घेतला. मालगाडीत माल हवा.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पवनारला जाऊन आमच्या शेतातलं सोयाबीन, ज्वारी, सरकी आणि दोन मुठी कापूस आणला. उघड्या डब्यांत खराखुरा माल! लोक प्लास्टिकचा कोळसा भरतात. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचू नये, याचं नवल वाटतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी डबे रिकामे. कापूससुद्धा गायब. उंदीर. पण एका अर्थी माल उतरवायचं काम परस्पर झालं. पुन्हा भरले. आज ज्वारी पुढे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी ७. गाडी फळीवरच्या डोंगराच्या बोगद्यातून बाहेर आली तेव्हा टँकरवर काहीतरी लोंबत होतं. पातळ, पारदर्शक, दोन बोटं रुंद. त्यावर खवल्याखवल्यांची नक्षी. बघतो आहे तोवर गाडी पुन्हा बोगद्यात शिरली. बाहेर आली नाही.
७.१०. कात होती. सापाची.
७.१५. हे स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. धान्य आलं म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून तो आला. स्विच दारातूनच झाडूच्या दांड्याने बंद केला.

शनिवार, १५ नोव्हेंबर
उज्वलाला सांगायचं नाही. सांगितलं की खोली गेली. पण ती त्याच खोलीत मशीनवर ब्लाउज शिवते, बोगद्यापासून हातभर अंतरावर. म्हणून मी दाराशी गमबूट घालून पहारा देतो. तिने विचारलं, की घरात गमबूट काऊन? म्हटलं, टाचा दुखतात. तिने तेल कोमट करून दिलं.
फार भीती वाटते. स्वतःची नाही, तिची. पहारा मात्र दाराबाहेरूनच चांगला होतो, असं माझं मत आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
ऑफिसला दांडी. सर्पमित्राचा नंबर मिळवला. फोन केला नाही. तो आला की आमचं सगळं बोरगाव मेघे व्हिडिओ काढायला येतं. उद्या नक्की.

गुरुवार, २० नोव्हेंबर
फोन राहिला. दुपारी पायजम्याची नाडी पायाला लागली आणि मी पलंगावर उभा. उज्वलाला योगासन म्हणून सांगितलं.
रविवारसाठी योजना तयार: सासऱ्यांना मेगाब्लॉक सांगायचा. रेल्वेचेच आहेत, समजतील.

रविवार, २३ नोव्हेंबर
संध्याकाळी ६. सासरे चारला आले. मेगाब्लॉक सांगितला. म्हणाले, गाडी बोगद्यात ठेवून ब्लॉक घेतल्याचं माह्या नोकरीत तं कधी पाह्यलं नाई. उज्वला त्यांना घेऊन आत गेली. मी दारात. काही सांगायच्या आत म्हाताऱ्याने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात बोगद्यात घातला. आत काहीतरी हललं. साप, साप, असं मी ओरडलो.
पुढचं मला फाटकाबाहेर आल्यावरच आठवतं.
सासऱ्यांच्या हातात निघाला कापूस, त्यात उंदराची सहा पिल्लं. गाडी त्या घरट्याला अडली होती. आणि कात म्हणजे वाळून सुटलेला फेव्हिकॉल. डोंगर मी तारेच्या जाळीवर चिकटवला होता, नक्षी त्या जाळीची. हे सगळं सासऱ्यांनी मला आतून ओरडून सांगितलं. खोलीचं दार बंद होतं. कडी बाहेरून लावलेली होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर
सासऱ्यांनी जाताना निकाल दिला. ज्वारी भरलेली एवढीशी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, फळी राहू द्या. म्हणजे जिंकलो.
उज्वलाने सकाळी एकच विचारलं. आम्ही दोघं आत होतो, तं तुम्ही कडी काऊन लावली? म्हटलं, सवयीने. मग म्हटलं, साप गल्लीत जाऊ नये म्हणून. तिने दोन्ही ऐकून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसली. खोलीचा विषय काढला नाही.
दुपारी ३. फळी मीच उतरवली. तिने राहू द्या म्हटलं नाही.