भीती घालवायचा वर्ग, मेहरूण

३ डिसेंबर
समाजाचे अध्यक्ष जीवरामभाऊ यांनी काल सर्वांसमोर विचारले, अक्का, प्रोग्रामिंगची भीती घालवायच्या वर्गातून बायका पळतात का? उत्तर द्यायला पुरावा हवा, म्हणून हे लिहिते. २२ तारखेच्या मेळाव्यात एकीने तरी प्रोग्राम चालवून दाखवला नाही, तर तिन्ही कॉम्प्युटर धुळ्याच्या शाखेला जाणार म्हणे. जाणार नाहीत. मी बी.एस्सी. आहे, १९८२ची.

४ डिसेंबर
कारण सापडले. भीती चुकांची असते. म्हणून चूकच होऊ द्यायची नाही. प्रोग्राम आधी वहीत. निर्दोष होईपर्यंत कीबोर्डला हात नाही, हात पाठीमागे. आम्ही असेच शिकलो. मशीन पुण्यात, आम्ही जळगावात; प्रोग्राम कागदावर लिहून पाठवायचा. मशीन कधी पाहिले नाही, त्यामुळे घाबरलेही नाही.

८ डिसेंबर
मेघाचा एक कंस राहिला. लाल पेनने गोल केला, नाव फळ्यावर लिहिले. ती पाणी प्यायला म्हणून गेली. अजून आली नाही.

१२ डिसेंबर
वर्गात संपूर्ण शांतता. कुणालाही शंका नाही. भीती झपाट्याने कमी होते आहे. उपस्थिती दोन.

१६ डिसेंबर
मोहिनीचा निरोप: सासूबाई आजारी. कुंदाबाई म्हणाल्या, तिच्या सासूबाई तर दोन वर्षांपूर्वीच वारल्या. पाचोऱ्याहून गाडीने येणाऱ्या कुंदाबाई आता एकट्याच. त्यांना कापसाच्या वजनाला भावाने गुणणारा प्रोग्राम हवा आहे. व्यापारी मोबाइलवर करतो त्या हिशोबावर त्यांचा विश्वास नाही. जाताना म्हणाल्या, अक्का, माले मशिननं भ्याव नही, तुमनं शे. भीती मशीनची नाही, माझी म्हणे! घाबरलेले माणूस काहीही बोलते.

२१ डिसेंबर
कुंदाबाईंचा प्रोग्राम वहीत निर्दोष. आज एकदा मशीनवर करून पाहू का, असे त्यांनी हळूच विचारले. नको म्हटले. पहिल्याच फटक्यात बरोबर आलेला लोकांनी उद्या पाहावा.

२२ डिसेंबर, संध्याकाळ
कुंदाबाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केले. पडद्यावर लाल ओळ आली. त्यांनी लगेच हात पाठीमागे बांधले. मी शिकवले तसेच. जीवरामभाऊ म्हणाले, अक्का, तुम्ही करा ना दुरुस्त. उठले. चूक दिसत होती, एक कंसच राहिला होता. बोट बटणावर नेले. आणखी चुकले तर, असे वाटले. बोट तिथेच राहिले.
जीवरामभाऊंनी चहा मागवला.

२३ डिसेंबर
जीवरामभाऊंच्या हवाली: कॉम्प्युटर तीन, पैकी दोन खोक्यातच. माऊस तीन, दोन प्लास्टिकमध्ये. खोलीची किल्ली. कुंदाबाईंची वही त्यांना पोचवायला.
लाल पेन कुणी मागितले नव्हते. दिले.