हार घालायच्या वेळची लेन्स

बाबा, मला एक लेन्स घ्यायची होती आणि गेला महिनाभर मी त्या लेन्सला घाबरत होते. तुम्ही असता तर हसला असता. पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स लावून तुम्ही अख्खी हयात काढली, आणि इथे तुमची पोरगी कुठली घ्यावी म्हणून झोप घालवून बसली आहे. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सची कडी अडकली, फिरवली की वाळू भरल्यासारखी करकरते. तेव्हा नवीन घेणं भागच होतं. भीती मात्र त्याची नव्हती. कशाची होती ते सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

पुलगावच्या आपल्या स्टुडिओत फरशीवर तुम्ही मारलेली पिवळी पट्टी अजून आहे. गिऱ्हाईक पडद्याजवळ, आपण पट्टीवर, मधे पाच पावलं. जोडप्याचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो बरोबर बसायचा. डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा मी तुमचीच पन्नासची लेन्स त्यावर चढवली आणि ऐटीत पट्टीवर उभी राहिले. पहिल्याच जोडप्याचे पाय गेले. नवरदेवाने नवे बूट घातले होते, आणि तेच नेमके फोटोत नव्हते. मागे सरकायला जावं तर पाठीला भिंत. या कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर तुमच्या फिल्मपेक्षा लहान, म्हणून त्याच लेन्समधून त्याला कमी दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. अशा कॅमेऱ्याला सतरा-अठरापासून पन्नासपर्यंत जाणारी झूम लेन्सच लागते. सतराला अरुंद समाज मंदिरात सगळं गणगोत मावतं, आणि पन्नासला नेलं की नवरीचा चेहरा जवळ येतो. इथवर काही प्रश्न नव्हता.

प्रश्न वर्ध्याच्या दुकानात उभा राहिला. दुकानदाराने दोन लेन्स काचेवर ठेवल्या. एक सतरा-पन्नास, मोठ्या तोंडाची, अंधाऱ्या हॉलमध्येही भरपूर उजेड आत घेणारी. पण हाताची थरथर सावरायची सोय तिच्यात नाही. दुसरी उजेड कमी घेते, पण हात हलला तर आतल्या आत सावरून घेते. मी दोन्ही लावून समोरच्या कॅलेंडरचे फोटो काढले, सतरावर, सेकंदाच्या तिसाव्या भागाला. या वेगाला माझा हात पंचवीस वर्षांत कधी चुकला नव्हता. दुसऱ्या लेन्सवर अक्षरं स्वच्छ आली. पहिलीवर तारखांना सावल्या फुटल्या होत्या. पुन्हा काढला, कोपरं छातीला दाबून, श्वास धरून. पुन्हा सावल्या. "ताई, हात हालून राह्यला का तुमचा?" दुकानदाराने सहज विचारलं. मी म्हटलं, "सकाळपासून चहाच नाई पेली ना." तो हसला आणि त्याने खरंच चहा मागवला. कप उचलायची माझी हिंमत झाली नाही. चहा थंड होऊ दिला आणि नंतर येते म्हणून निघून आले.

बसमध्ये मला केळझरचं लग्न आठवलं. मी तेव्हा बावीस-तेवीसची, तुमच्या मागे दिवा धरून चालणारी. आदल्याच आठवड्यात तुम्ही मला स्टुडिओत सगळ्यांसमोर झापलं होतं, "कॅमेरा कोपरानं धरतेत, बोटानं नाई! ढोलकी हाय का ते?" म्हणून मी फुगून बसले होते. समाज मंदिरात बुद्धवंदना चालू आहे, पांढऱ्या साडीतली नवरी हात जोडून उभी आहे. वंदना सुरू झाल्यापासून हार घालून होईपर्यंत फ्लॅश मारायचा नाही, हा तुमचा नियम. आत उजेड बेताचाच. वचनं झाली, हार हातात आले, आणि तुम्ही वळून कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "तू काढ. मी पानी पेऊन येतो." बस, एवढंच. हार दोनदा घातले जात नाहीत, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या क्षणाला तुम्ही माझ्या हाती कॅमेरा दिलात म्हणजे मला मान्य केलंत, असं मी समजले. आयुष्यभर ती मला मिळालेली सगळ्यांत मोठी भेट वाटत आली. कितीजणांना मी ती गोष्ट छाती फुगवून सांगितली असेल!

त्या बसमध्ये मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही दाराशी जाऊन उजवा हात खिशात घातला होता. पाण्याचा माठ तर आत, माझ्या मागेच होता. त्यानंतर तुम्ही स्टुडिओतला साधा पासपोर्ट फोटोसुद्धा स्टँडवर काढू लागलात, मालकाला शोभतं म्हणायचात. शेवटी शेवटी आई तुम्हाला बशीतून चहा पाजायची. हे सगळं मी पाहिलं होतं, पण कधी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. बाबा, मी घाबरले आहे. दवाखान्यात गेलेली नाही. डॉक्टरने नाव सांगितलं की ते आपलं होऊन बसतं, असं काहीतरी मनात येतं. आणि तुम्ही गेलात तेव्हा पोटात असलेली तुमची नात आता एकोणीस वर्षांची आहे, स्टुडिओत माझ्यासोबत असते. ती पाण्याचा ग्लास उचलते तेव्हा मी चोरून पाण्याकडे बघते. पाणी हलत नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत बघते.

घरी तिला दोन्ही लेन्स सांगितल्या तर ती म्हणाली, "काऊन एवढा विचार करून राह्यली? सावरणारी घेऊन टाक ना, सोपी पडते." माझ्यासाठी तीच बरी होती, वर्ष दोन वर्षं कोणाला काही कळलं नसतं. पण ती लेन्स हात सावरते, माणसं सावरत नाही. कमी उजेडात फोटोला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात हार घालणारे हात हलतात, नवरी मान वाकवते, आणि नेमका तोच फोटो पुसट येतो. लोकांच्या लग्नातला तो फोटो बिघडवून मी माझा हात झाकायचा? आठवडाभर मी हो म्हणत होते, हेही तुम्हाला सांगून टाकते. मग परवा वर्ध्याला गेले आणि मोठ्या तोंडाची लेन्स घेऊन आले. ज्या हातातलं पाणी हलत नाही, त्या हातासाठी.

रविवारी आष्टीला लग्न आहे. हार निघाले की कॅमेरा तिच्या गळ्यात घालायचा, असं ठरवलं आहे. खरं काय ते तिला आधी सांगायचं होतं, तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा जेवायला काय करू ते विचारलं. तुम्ही माझ्यापासून लपवलंत म्हणून बसमध्ये तुमचा राग आला होता. आता तो राग करायला मला तोंड नाही. हा कागद लेन्सच्या खोक्यात खाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार! आज दुपारी स्टुडिओत कोणी नसताना पिवळ्या पट्टीवर उभी राहून मी तुमचंच वाक्य म्हणून पाहिलं, "तू काढ, मी पानी पेऊन येतो." दोनदा म्हटलं. केळझरला तुमचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, बाबा. माझा हलतो.