पेटीचं अस्तर

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सासूबाईंच्या खोलीचं दार ओढून घेतलं, मग बोलले. तेव्हाच कळलं.

"घरीच राहू द्या त्यांना. जे आवडेल ते खाऊ घाला."

आत गेले तर त्या उशीला टेकून हसत होत्या. "काय म्हणाला? तिकीट काढलं का माझं?"

"आई, पडून राहा," म्हटलं. खिडकी लावली. वारा नव्हताच.

६ फेब्रुवारी

आई म्हणतात, शवपेटी आत्ताच करा. मला बघायचीय.

आमच्या दुकानात जिवंत माणसाची पेटी करत नाहीत. सासऱ्यांपासूनचा नियम. आधी माणूस जातो, मग भाऊजी लाकूड कापतात, मी आतलं अस्तर शिवते. भाऊजींनी साफ नाही म्हणून सांगितलं.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या बघितल्या. माझी तेवढी बघायची नाही होय रे?"

भाऊजी मान खाली घालून दुकानात गेले. थोड्या वेळाने करवत सुरू झाली. रोजचाच आवाज. आज मी मधलं दार लावून घेतलं.

९ फेब्रुवारी

पाळक प्रार्थनेला आले. मेलेले उठतील, म्हणाले. आई खणखणीत 'आमेन' म्हणाल्या. माझे नुसते ओठ हलले. हे गेल्यापासून असंच.

ह्यांना पुरलं त्या दिवशी आई खड्ड्याशी उभ्या राहून गात होत्या. पोटचा पोरगा खाली, आणि स्वर हलला नाही! मला राग आला होता. अजून आहे.

पाळक गेल्यावर म्हणाल्या, "भेटणार आहेस ना गं त्याला?"

दूध उतू जाईल म्हणून मी उठले.

"उत्तर दिल्याशिवाय मी जायची नाही हं, सांगून ठेवते!" हसत होत्या. मला हसू आलं नाही.

१३ फेब्रुवारी

पेटी झाली — पण मोठी झालीय! भाऊजींनी माप घेतलंच नाही. झोपलेल्या आईला टेप लावायला हात धजेना, म्हणून अंदाजाने केली. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ती जुनी, दारभर आई. पलंगावर आहे ती मूठभर.

आईंना खुर्चीत बसवून दाखवायला नेलं.

"एवढी? आणखी कोणाला नेऊ बरोबर?"

भाऊजी हसले. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसू गेलं.

"वहिनी, कडेने कापूस जास्त भरा."

१४ फेब्रुवारी

कापूस भरतेय. पुरत नाही.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस आई भिंतीकडे तोंड करून. दुपारी अंग पुसताना माझं मनगट धरलं. बोटांत एवढा जोर कुठून आला!

"पलीकडे काही दिसत नाही गं मला."

झोपेत असाल, म्हटलं.

"जागी आहे. तो गेला तेव्हापासून नाही दिसत. एकदाही नाही."

"मग गात कशा होतात?"

"तू काठावर होतीस. डोळे त्या खड्ड्यात. मी थांबले असते तर तू गेली असतीस त्याच्यामागे."

भांडं कलंडलं. पाणी चादरीवर पसरत गेलं.

मग म्हणाल्या, "आता मला भीती वाटतेय. तू गाशील?"

मी काहीच बोलले नाही. देवा — मी काहीच बोलले नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी भाऊजींनी हाक मारली. आवाजावरूनच समजले.

आईंचे डोळे उघडे होते. दाराकडे.

१९ फेब्रुवारी

आईंना ह्यांच्या शेजारी पुरलं. गाणं सुरू करायला कुणी नव्हतं. दरवेळी आईच करायच्या. भाऊजींना तोंड उघडवेना. मी गायले. चाल चुकली. तरी गायले, शेवटच्या कडव्यापर्यंत.

माणसं पांगली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चला आता."

"थांबा जरा."

"कशाला?"

त्या दोघांकडे पाठ करवेना. येणाऱ्या माणसाची वाट बघतात, तशी उभी होते.