अंगठ्याखालची खळगी

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा ऐकतोय ना? अक्षराला नावं ठेवू नकोस, पेन नवीन आहे.

वर्षभर काय केलंस, असं विचारलंस. तर ऐक: बादलीएवढा कान, आतल्या तिन्ही हाडांसकट. चार कप्पे उघडणारं लाकडी हृदय. सायकलच्या ट्यूबचे बंध लावलेला, खरोखर वाकणारा गुडघा (तुझ्यापेक्षा बरा वाकतो). आणि प्लास्टरमधला उजवा हात, मनगटापर्यंत, माझाच, कातडीवरची रेष न् रेष उतरलेला. मेडिकल कॉलेजात मॉडेलं करतो खरा, पण यातलं काही मला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकं उघडली, बघितलं, केलं.

तुझा दुसरा प्रश्न, फळा सोडून पोरं डॉक्टर कशी होणार? यंदा पहिल्या वर्षाचे दोन भाग केलेत. निम्म्यांना नेहमीसारखी व्याख्यानं. उरलेल्यांच्या सात-आठ जणांच्या टोळ्या. त्यांना नुसती एका रुग्णाची अडचण देतात, याला काय झालंय ते तुम्हीच शोधा म्हणून. मास्तरांनी कोपऱ्यात गप्प बसायचं. जन्मभर शाळेत शिकवलेली तू तिथं असतीस तर दहाव्या मिनिटाला बोलून मोकळी झाली असतीस.

माझा तो प्लास्टरचा हात दोन्हीकडे फिरला. व्याख्यानात मोठ्या सरांनी छडी लावत एकेक स्नायू सांगितला. काय बोलतात! मी दारात उभा राहून ऐकलं. पुढे पेपरात त्यांचीच मुलं वर आली, हे तुझ्या समाधानासाठी.

टोळीला आलेला कागद असा: एका सुताराच्या करंगळीला मुंग्या येतात, का? नमुना म्हणून समोर माझा हात. मी शेजारच्या टेबलाचा पाय ठोकत होतो. पोरं करंगळी सोडून अंगठ्याशीच अडून बसली.

"सर, कागद चुकलाय. करंगळी ठणठणीत आहे. अंगठ्याखालचं मांस बसलंय याचं."

"अहो, तो नुसता नमुना आहे," त्यांचे मास्तर न राहवून बोलले. "निरोगी माणसाचा."

"निरोगी कसला? याच्या हातून कप पडत असणार," एक चष्मेवाली म्हणाली.

"मग त्यालाच विचार की," शेजारचा म्हणाला. "प्लास्टर बोललं तर मलाही सांग."

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काका, हा हात कुणाचा?"

"आहे एका सुताराचा," मी म्हणालो.

ती माझ्या हातोडीकडे बघत राहिली. हातोडी डाव्या हातात होती.

ताई, ती खळगी मला साचा उघडतानाच दिसली होती. साचा बसला असं म्हणून तो हात मी फोडून टाकला. दुसरा ओतला, पुन्हा तिथंच खळगी. मग प्लास्टर हलकं दिलं म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. लोकांच्या कामातली केसाएवढी फट काढणारा मी, पण डावा हात शेजारी ठेवून बघायचं सुचलं नाही. सुचू दिलं नाही म्हण.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांना हात दाखवला. मनगटात नस दबलीय. छोटं ऑपरेशन आहे, अंगठ्याकडच्या बोटांत येतात त्या मुंग्या थांबतील म्हणाले. गेलेलं मांस परत भरेल का, मी विचारलं. तासभर न थांबता बोलणारा माणूस, त्यानं ऑपरेशनची तारीख लिहून चिठ्ठी पुढे सरकवली.

पेन जुनंच आहे. हे पत्र तीन बैठकांत झालंय.

ऑपरेशन मंगळवारी. यायची गरज नाही. आलीसच तर गुडघ्याला पट्टा बांधून ये, इथले जिने उंच आहेत.

अजून तरी उजव्या हातानं लिहिणारा,
तुझा धाकटा

ता. क. मला काम देऊ करणाऱ्या त्या मॉडेलवाल्या कंपनीचं तू विचारलं होतंस, ते राहिलं. आपण कुठल्या कंपनीची चाकरी करत नाही, असं बाहेर सगळ्यांना सांगितलंय, आणि ते मला शोभलंही. तू मात्र नीट ऐक. दोन वर्षं, चाळीस मॉडेलं, सगळी माझ्या हातची, अठरा लाख. मोठ्या सरांकडून परतलो त्याच संध्याकाळी मी नको म्हणालो.